हलका चाप

“आधी हिचं वजन करा,” भैरू हवालदार म्हणाला आणि त्यानं खांद्यावरची रायफल माझ्या काउंटरवर आडवी ठेवली.

माझ्याकडे होता तो छर्रे तोलायचा छोटा काटा. शेजारच्या भुसार दुकानातून मी तराजू उचलून आणला. रायफल साडेचार किलोला थोडी कमी भरली.

“आता हे बघा.” त्यानं उजवा हात माझ्यापुढे धरला. अंगठा शाबूत होता. तर्जनी मधल्या पेरापासून नव्हतीच. मधलं बोट होतं, पण ते वाकवताना थरथरत होतं. फौजेत असताना बर्फात गेलं सगळं, एवढंच तो म्हणाला. “ही धोंड घेऊन मी रोज पहाटे रानाकडं दीड मैल चढतो. वर पोचेस्तवर हात मेलेला असतो. डुक्कर म्होरं उभं असतं आन् बंदूक वर हुत न्हाई.”

घाटमाथ्यावरच्या आमच्या तालुक्याच्या गावात बंदूक दुरुस्तीचा परवाना माझा एकट्याचा होता. आम्ही शिकलगार. आजोबा तलवारींना धार लावायचे, वडील ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचे, मी रायफलीपर्यंत आलो होतो. लोक मला उस्ताद म्हणत आणि मलाही ते ऐकायला आवडायचं. ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची, तेव्हा मी चाळिशीत होतो.

“हवालदार, त्यापेक्षा छर्ऱ्याची एकनळी घ्या. हलकी असते,” मी म्हटलं.

“छर्ऱ्यानं डुक्कर जखमी हुतं, मरत न्हाई. आन् दुसऱ्या दिशी ते भांगलणीच्या बायकांवर येतं. आमच्या कुरणवाडीत एक बाई तशीच फाडलीय, उस्ताद. पोटापासनं. मी उचलून आणली तिला. मला एका गोळीत पडणारं पायजे.”

त्याच्याकडे पीक संरक्षणाचा परवाना होता. डुकरं मारण्याची वनखात्याची परवानगीही त्यानं घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती. सगळे कागद चोख. मी रायफल उघडली.

पुढचे तीन आठवडे तो दर बाजाराच्या दिवशी यायचा आणि स्टुलावर बसून एकेक भाग स्वतः निवडायचा. असं गिऱ्हाईक मला आधी मिळालं नव्हतं, नंतरही नाही. बाकीचे बंदूक टाकून जायचे आणि महिन्यानं न्यायला यायचे.

पहिल्यांदा लाकूड. मूळचा दस्ता अक्रोडाचा होता, वर्षानुवर्षं तेल पिऊन जड झालेला. मी त्याच्यापुढे तीन ठोकळे ठेवले, फणसाचा, तुणीचा आणि शिवणीचा. त्यानं डोळे मिटून एकेक डाव्या हातात तोलला.

“ह्यो कशाचा?”

“शिवण. हलकी आहे, आणि पावसाळ्यात वाकडी होत नाही. पण अक्रोडासारखा रंग यायचा नाही.”

“डुक्कर काय रंग बघतंय?” तो हसला. दात तंबाखूनं काळे पडले होते, पण हसू फार मोकळं होतं त्याचं.

दस्त्याच्या मागची लोखंडी पट्टी काढून मी तिथं रबर बसवलं. आतून दस्ता पोखरला. मूळची नळी जाड होती. माझ्याकडे एका जुन्या रायफलीची बारीक नळी होती, तिच्या नंबराची नोंद करून ती बदलायची परवानगी काढली. त्यानं ती नळी दाराकडे धरून आतून बराच वेळ पाहिली.

“चांगली हाय. गंज न्हाई. पण उस्ताद, बारीक नळी लवकर तापणार.”

“तुम्ही एका सकाळी किती गोळ्या मारणार?”

“एक. लागली तर घरला, न्हाई लागली तरी घरला. दुसरी मारस्तवर डुक्कर काय थांबतंय व्हय?”

पहाटेच्या अंधुक उजेडात दिसावी म्हणून नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी मी पितळेची केली. कातड्याचा जाड पट्टा काढून कापडी लावला. हलकी बंदूक खांद्याला लाथ मारते, हेही मी त्याला सांगितलं.

“मारू दे. खांदा अजून जाग्यावर हाय.”

शेवटी रायफल तीन किलोच्या खाली आली. हवालदारानं ती उचलली, खांद्याला लावली, खाली घेतली, पुन्हा लावली. मग त्यानं मधलं बोट चापावर ठेवलं आणि ओढायला लागला. ओठ दाबले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण चाप हलला नाही.

“आता हे ऱ्हायलं,” तो म्हणाला.

चापाला मी काट्याचा हूक अडकवून पाहिला. तीन किलोचा ओढा लागत होता. त्याच्या बोटात किलोभराची ताकद होती. मी त्याला समजावलं. चापाच्या आत एक लहानसा पोलादी तुकडा असतो, त्याच्या खाचेवर सगळी बंदूक रोखलेली असते. खाच उथळ केली की चाप हलका होतो, पण फार उथळ केली तर धक्क्यानंही सुटू शकतो. ज्याचा ओढा कमीजास्त करता येतो असा तयार तुकडा मिळतो, पण तो पुण्याहून मागवावा लागेल, दीड महिना जाईल.

“दीड महिन्यात वर रताळं शिल्लक ऱ्हाणार न्हाई. शेंगा तर निम्म्या गेल्याच.” तो माझ्याकडे पाहत राहिला. “तुमच्या हातनं हुणार न्हाई व्हय?”

माझ्या हातून होणार नाही असं मला कुणी म्हणायचं नाही, हा माझा त्या वेळचा गर्व होता. मी मूळचा तुकडा काढून डबीत ठेवला. भंगारातला दुसरा घेतला, कानसला, दगडावर घासला, लावला, परत काढला, परत घासला. दुपारपर्यंत ओढा किलोभरावर आला. खाच नखाच्या जाडीएवढी राहिली होती. रिकामी रायफल ओढून, म्हणजे खटका चढवून, मी तिचा दस्ता काउंटरच्या फळीवर आपटला. तीनदा. टिकली. चौथ्यांदा आपटली नाही.

हवालदारानं मधलं बोट वाकवलं. टक् असा आवाज झाला. तो आपल्या हाताकडे पाहत राहिला. जाताना मात्र दारातून परत आला आणि माझा हात त्या मोडक्या हातात धरून हलवला.

पुढच्या बाजारी त्यानं सांगितलं, दोन डुकरं पडली, दोन्ही जागच्या जागी. त्याच्या मागोमाग टोपलीभर रताळी घेऊन त्याची बायको सगुणा आली. “दहा वर्सांत असं हसल्यालं बघितलं न्हवतं ह्यास्नी,” ती माझ्या बायकोला म्हणाली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, ठाण्यातून एक शिपाई मला बोलवायला आला.

“कुरणवाडीच्या भैरू रेडेकरनं सख्ख्या भावाला गोळी घातली. बंदुकीत काडतुसाचं रिकामं टोपण अडकलंय, निघत नाही. साहेब म्हणतात, काढून द्या, मग सील करून मुंबईला तपासणीला पाठवायचीय.”

वाटेत त्यानं सगळं सांगितलं. भैरूचा धाकटा भाऊ जोती. दोघांची घरं एकाच अंगणात. मधल्या विहिरीच्या पाण्यावरून आठ दिवसांपूर्वी दोघांची मोठी भांडणं झाली होती, अख्ख्या गावानं ऐकली होती. आज सकाळी भैरू रानातून परत आला तेव्हा जोती अंगणात लाकडं फोडत होता. गोळी गळ्यातून गेली. जोतीची बायको हौसा म्हणते, भैरूनं नेम धरून मारलं. भैरू म्हणतो, दस्ता पायरीला लागला आणि बंदूक सुटली.

“आता कोण म्हणंल मी मारलं म्हणून?” शिपाई म्हणाला.

ठाण्यात भैरू कोपऱ्यात जमिनीवर बसला होता. सदऱ्याला छातीपासून खालपर्यंत रक्त लागलेलं. भावाला त्यानं मांडीवर घेतलं होतं. त्यानं मला पाहिलं आणि एखाद्या ओळखीच्या माणसाला लग्नात भेटावं तशी मान हलवली. नंतर परत खाली पाहायला लागला.

मला मागच्या खोलीत टेबलावर रायफल दिली. फौजदार दाराशी थांबले होते, तेवढ्यात बाहेर कुरणवाडीची माणसं आली, गलका झाला आणि ते तिकडे गेले. मी अडकलेलं टोपण काढलं. रायफल रिकामी झाली. मग मी ती ओढली आणि तिचा दस्ता खालच्या शहाबादी फरशीवर टेकवला. आपटला नाही, माणूस दमून टेकवतो तेवढ्याच जोरानं टेकवला.

आतली, काडतुसावर आदळणारी सुई खाडकन पडली.

मी परत ओढली, परत टेकवली. परत पडली. चारदा केलं, तीनदा पडली. दुकानात टिकलेली खाच वापरानं आणखी झिजली होती.

भैरूनं गोळी भरलेली बंदूक अंगणात आणली, ही त्याची चूक होती. पण ती सुटली माझ्यामुळे. हे मला त्या क्षणी जेवढं स्वच्छ कळलं तेवढं नंतर कधी कळलं नाही, कारण नंतर मी त्यावर पुष्कळ विचार केला.

बाहेर जाऊन मी एवढंच सांगायचं होतं: साहेब, या आणि बघा. परवाना गेला असता. कदाचित मीही आत गेलो असतो. घरात तीन मुली होत्या, थोरलीचं लग्न ठरलं होतं. मी हत्यारांची पिशवी उघडली. तिच्यात ती डबी होती, मूळचा तुकडा तिच्यातच होता. दोन खिळे काढायचे आणि दोन परत बसवायचे. दहा मिनिटांचं काम. बोटं जराही थरथरली नाहीत, याचं मला आजही नवल वाटतं.

फौजदार परत आले. “निघालं?”

“निघालं.”

“बंदूक कशी आहे? आपोआप सुटेल अशी आहे का?”

“नाही साहेब. चाप चांगला घट्ट आहे.”

त्यांनी लाख लावून सील केलं. बाहेर जाताना मला भैरूच्या समोरूनच जावं लागलं. त्यानं या वेळी मान वर केली नाही.

खटला दीड वर्षानं उभा राहिला. मुंबईचा अहवाल आला होता: रायफल सुस्थितीत, चापाचा ओढा तीन किलो, धक्क्यानं सुटत नाही. मला साक्षीला बोलावलं. भैरूच्या वकिलानं विचारलं, “आरोपीच्या सांगण्यावरून तुम्ही चाप हलका केला होता, हे खरं आहे?”

“नाही. लाकूड बदललं, नळी बदलली, त्याची नोंद आहे. चाप मूळचाच.”

“आरोपीच्या बोटांत तीन किलोचा चाप ओढायची ताकद आहे?”

“ते मी कसं सांगणार? डावा हात चांगला आहे त्यांचा.”

हे शेवटचं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी आपणहून बोललो.

आरोपीच्या पिंजऱ्यात भैरू उभा होता. अहवाल वाचला गेला तेव्हा त्याच्या कपाळाला आठी पडली होती, जणू एखादी बेरीज जुळत नव्हती. माझी साक्ष संपेपर्यंत ती आठी गेली. त्याला सगळं कळलं होतं. किलोभराचा चाप त्यानं स्वतः ओढला होता, दोन डुकरं पाडली होती. आता तो बोलेल, म्हणून मी वाट पाहत उभा राहिलो.

न्यायाधीशांनी शेवटी त्याला विचारलं, काही सांगायचं आहे का.

“साहेब,” तो म्हणाला, “बंदूक माझ्या हातात हुती. भाऊ माझ्या हातनं मेला. आता बंदुकीचं काय इचारायचं?”

जन्मठेप झाली. पाचव्या वर्षी तो तुरुंगात छातीच्या दुखण्यानं गेला. मला ते एका बाजाराच्या दिवशी कळलं, कुरणवाडीचा एक माणूस काडतुसं घ्यायला आला होता त्याच्याकडून. मी त्याला काडतुसं मोजून दिली.

आणखी सात वर्षं मी दुकान चालवलं. तीनही मुलींची लग्नं झाली. मग एकदा कुरणवाडीचाच एक म्हातारा बंदुकीचा खटका दुरुस्त करायला बसला होता, आणि गप्पांच्या ओघात म्हणाला, भैरूच्या पोरीचं लग्न तिसऱ्यांदा मोडलं. खुन्याच्या घरची पोरगी कोण करणार. अंगणात जोतीच्या बायकोनं मधे भिंत घातलीय. सगुणाबाई विहिरीवर आली की हौसा भरलेली घागर ओतून देते आणि परत भरते, विटाळ झाल्यासारखी.

खटका दुरुस्त करून मी त्याला वाटेला लावलं. दुकान बंद केलं आणि दोन दिवसांनी सगळं लिहून काढून ठाण्यात गेलो. फौजदार नवीन होते, तरुण. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

“आरोपी मयत आहे. केस कधीच बंद झालीय. आता हे सांगून कुणाला काय मिळणार?” त्यांचा आवाज रागाचा नव्हता. “बघतो, वर पाठवतो. तुम्ही घरी जा, चाचा.”

मी माझा परवानाही त्यांच्या टेबलावर ठेवला. घरी गेलो नाही. एसटीनं कुरणवाडीला गेलो.

सगुणाबाई दारात शेंगा तोडत बसली होती. केस सगळे पांढरे. तिनं मला ओळखलं, पोतं टाकलं, बसा म्हणाली. मी उभाच राहिलो आणि उभ्यानंच सांगितलं. हलका केलेला तुकडा, फरशी, डबी, कोर्ट.  शेंगा तोडायचे तिचे हात चालू होते, आणि डबी म्हटल्यावर ते थांबले.

“त्यास्नी ठावं हुतं?” तिनं विचारलं.

“कोर्टात कळलं त्यांना.”

“मला भेटीला गेल्यावर कधी बोलले न्हाईत. पाच वर्सं.” ती शेंगांच्या वेलांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “हे मला सांगून काय उपेग? त्यांनी मारलं न्हाई हे मला म्हाईतच हुतं. तिकडं सांगा.”

ती उठली. पदर खोचून भिंतीला वळसा घालून पलीकडे निघाली. मी मागोमाग गेलो. पलीकडच्या अंगणात पाय टाकताना ती क्षणभर थांबली. बारा वर्षांत ती तिथं आली नव्हती.

“हौसा,” तिनं हाक मारली. “भाईर ये. ह्ये काय सांगायला आल्यात त्ये ऐक.”

हौसा दारात आली. जाडजूड बाई, कपाळ मोकळं. जावेला आपल्या अंगणात पाहून तिचा चेहरा ताठला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं.

“म्हंजे ती आपोआप सुटली?” हौसानं विचारलं.

“होय.”

“तुम्हीच तर म्हणला हुता, बंदुकीत खोट न्हाई. पोलिसांनी त्याच दिशी सांगितलं आमास्नी. तपासलीया, चांगली हाय, आपोआप सुटत न्हाई.”

“होय. मी खोटं बोललो.”

ती दारातच खाली बसली. बराच वेळ उंबऱ्यावर हात फिरवत राहिली. मग कुणी काही विचारलं नसताना बोलायला लागली, आमच्या दोघांकडेही न पाहता.

“मी न्हाणीत हुतो. पाणी घेत हुतो अंगावर. आवाज आला म्हणून लुगडं गुंडाळून भाईर आलो, तर मालक पडल्यालं. थोरल्या भावजींनी त्यास्नी मांडीवर घेतल्यालं. बंदूक पायरीखाली पडली हुती. नेम धरल्याला मी बघितला न्हवता. आमचा भाऊ म्हणाला, बघितला म्हण, न्हाईतर सुटंल त्यो. मला वाटलं, बंदूक चांगली हाय म्हणत्यात, आपोआप सुटत न्हाई, म्हंजे त्यांनीच मारलं असणार. मी नुसतं बघितलं न्हाई एवढंच. म्हणून म्हटलं, बघितलं.”

सगुणाबाई उभी होती तिथंच उभी राहिली. मला वाटलं आता ती ओरडेल, हौसाच्या अंगावर जाईल, निदान मला तरी शिव्या देईल. मला ते हवं होतं. तिनं फक्त डोक्यावरचा पदर सारखा केला.

“उस्ताद,” ती म्हणाली, “तुमचं सांगून झालं न्हवं?”

“होय, वहिनी.”

“मग तुम्ही जावा आता. चारची गाडी हाय. पुन्यांदा येऊ नगासा.”

ती चार पावलं पुढे गेली आणि हौसाच्या समोर, उंबऱ्याच्या अलीकडे, जमिनीवर बसली. दोघींमध्ये हातभर अंतर होतं. मी वळलो. पाणंदीच्या वळणापर्यंत मी अगदी हळू चाललो, मागून काही ऐकू येतंय का म्हणून. बोलण्याचा आवाज आला नाही, रडण्याचाही आला नाही. वळणावर एकदा मागे पाहिलं. दोघी तशाच बसल्या होत्या, माना खाली घालून, आणि कुणीही उठायचं नाव घेत नव्हतं.